माणसाळण्याची मुदत

पावसाची झड लागली की भारतातल्या जवळजवळ प्रत्येक शहरात एक दृश्य हमखास दिसते. जिन्याखालच्या अडगळीत, पाण्याच्या टाकीमागे किंवा उभ्या मोटारीच्या बॉनेटखाली मांजरीचे एखादे भिजलेले पिल्लू ओरडत असते. कोणाला तरी दया येते. पिल्लू टॉवेलात गुंडाळून घरी आणले जाते, खोक्यात ऊबदार फडके अंथरले जाते, खाणे पुढे ठेवले जाते. आणि मग अपेक्षाभंग होतो. पिल्लू कपाटामागे शिरते, कान पाडून फिस्कारते, हात पुढे येताच पंजा मारते. चार-सहा दिवस हेच चालले की घरात निवाडा होतो: 'हे जंगलीच आहे, कधी माणसाळणार नाही.' पिल्लाची रवानगी पुन्हा रस्त्यावर होते.

हा निवाडा पिल्लाच्या स्वभावावर दिलेला असतो. विज्ञानाचा गेल्या दीडशे वर्षांचा इतिहास मात्र सांगतो की प्रश्न स्वभावाइतकाच, किंबहुना त्याहून अधिक, वेळेचा आहे. कोणत्या वयात पिल्लाला मानवी हात प्रथम लागला, आणि ती वेळ हुकली असेल तर पुढे काय करता येते, या दोन प्रश्नांची उत्तरे अगदी वेगवेगळ्या वाटांनी मिळाली. त्यांतली एक वाट कोलकात्यावरूनही गेली.

*वंश पाळीव, पिल्लू रानटी*

आरंभी शब्दांचा एक भेद स्पष्ट करायला हवा. 'पाळीव होणे' आणि 'माणसाळणे' या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिली घटना वंशाच्या पातळीवर, हजारो वर्षांत घडते. दुसरी एकेका जिवाच्या आयुष्यात, काही आठवड्यांत.

मांजराचा वंश पाळीव झाला त्याला फार काळ लोटला. सायप्रस बेटावर सुमारे ९,५०० वर्षांपूर्वीच्या एका दफनात माणसाशेजारी पुरलेले मांजर सापडले. ते संशोधन २००४ मध्ये प्रसिद्ध झाले. २००७ मध्ये ९७९ मांजरांच्या जनुकीय अभ्यासातून दिसले की जगभरातील घरगुती मांजरांचे मूळ पश्चिम आशियातील रानमांजरांत आहे. भारतात कच्छ-राजस्थानच्या रखरखीत प्रदेशात आढळणारे वाळवंटी मांजर हे त्यांचे नातलग खरे, पण त्याची शाखा वेगळी.

एवढा दीर्घ सहवास असूनही मांजराच्या प्रत्येक पिल्लाला माणसाशी ओळख नव्याने करून घ्यावी लागते. आई-आजीपासून घरात राहिलेल्या मांजरीचे पिल्लूसुद्धा माणसाविना वाढले तर माणसाला घाबरते. वंशाने जन्मतः दिलेली असते ती माणसाळण्याची क्षमता. ती वापरली जाईल याची हमी नसते.

*टोपी घातलेली पिल्ले*

या क्षमतेला मुदत असते, हे प्रथम दिसले ते कोंबडीच्या पिल्लांत. डग्लस स्पॉल्डिंग हा तरुण स्कॉटलंडमधील ॲबर्डीन येथे घरांची छपरे शाकारण्याचे काम करी आणि विद्यापीठात व्याख्याने ऐकायला जाई. पुढे तो बर्ट्रांड रसेल यांच्या घरी त्यांच्या थोरल्या भावाचा शिक्षक झाला. १८७३ मध्ये त्याने सहजप्रवृत्तीवर एक निबंध लिहिला. अंड्यातून बाहेर पडणाऱ्या पिल्लांच्या डोक्यावर त्याने लहान टोप्या चढवल्या, त्यामुळे त्यांना काहीच दिसत नसे. दोन-तीन दिवसांनी टोपी काढली तर पिल्ले हलत्या माणसामागे चालू लागत. परंतु ज्यांची टोपी जवळजवळ चार दिवसांनी काढली ती त्याला पाहताच भेदरून दूर पळाली. आदल्या दिवशी टोपी काढली असती तर हीच पिल्ले आपल्याकडे धावली असती, हे त्याने नेमके टिपले. पिल्ले तीच, माणूस तोच. फरक केवळ एका दिवसाचा.

मांजराच्या पिल्लांबद्दलही स्पॉल्डिंगचे एक निरीक्षण आहे. कुत्र्याला कुरवाळलेला हात त्याने एकदा तीन दिवसांच्या, अजून डोळेही न उघडलेल्या चार पिल्लांच्या टोपलीत घातला; हाताच्या वासानेच ती फिस्कारू लागली. भीतीची काही यंत्रणा जन्मतः तयार असते आणि पिल्लू हात पाहण्याआधी त्याचा वास घेते, या दोन्ही गोष्टी त्यातून दिसल्या. आजही घाबरलेल्या पिल्लाजवळ जाण्यापूर्वी कुत्र्याला लावलेले हात धुवावेत, हा सल्ला तितकाच उपयोगी आहे.

स्पॉल्डिंग १८७७ मध्ये, वयाच्या पस्तिशीच्या आसपास वारला आणि त्याचे काम विस्मरणात गेले. १९३५ मध्ये ऑस्ट्रियन शास्त्रज्ञ कॉनराड लोरेन्झ यांनी पक्ष्यांच्या पिल्लांवर जन्मानंतरच्या अल्प काळात उमटणाऱ्या कायमच्या ठशाची कल्पना सविस्तर मांडली. त्यांच्या मागे रांगेने चालणारी हंसाची पिल्ले जगप्रसिद्ध झाली आणि १९७३ मध्ये ते नोबेल पारितोषिकाचे एक मानकरी ठरले.

*कोलकात्याचा दुवा*

विस्मृतीतून स्पॉल्डिंगला बाहेर काढले जे. बी. एस. हॉल्डेन यांनी. १९५४ मध्ये एका ब्रिटिश शास्त्रीय नियतकालिकात त्यांनी स्पॉल्डिंगचा निबंध आपल्या प्रस्तावनेसह पुन्हा छापवला. त्यांच्या पत्नी हेलन स्परवे यांनी १९५५ मध्ये 'जर्नल ऑफ जेनेटिक्स'मध्ये प्राणी पाळीव कसे होतात यावर एक दीर्घ लेख लिहिला. लोरेन्झ यांच्या विचारांची उत्क्रांतिशास्त्राशी सांगड घालण्याचा तो प्रयत्न होता. १९५७ मध्ये हे दांपत्य प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत, म्हणजे कोलकात्याला आले. 'जर्नल ऑफ जेनेटिक्स'ही त्यांच्याबरोबर भारतात आले आणि आज ते भारतीय विज्ञान अकादमीतर्फे प्रसिद्ध होते.

भारतात हॉल्डेन यांनी आग्रहाने मांडलेला एक विचार या कथेसाठी महत्त्वाचा आहे. १९५९ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात त्यांनी पक्ष्यांच्या अहिंसक शास्त्रीय अभ्यासाविषयी लेख लिहिला. प्राण्याला न मारता, न पकडता, केवळ चिकाटीने पाहून आणि मोजून उत्तम विज्ञान करता येते, आणि महागडी उपकरणे नसलेल्या देशात ते विशेष करता येते, अशी त्यांची धारणा होती. त्यांचे सहकारी सुरेश जयकर यांनी माळटिटवीच्या घरट्यांची केलेली निरीक्षणे याच परंपरेतली. हा अहिंसेचा मुद्दा इथे का यावा, ते पुढे उलगडेल.

*दोन ते सात आठवडे*

पक्ष्यांच्या बाबतीत मुदत दिवसांत मोजली जाते. सस्तन प्राण्यांचे काय? १९६१ मध्ये अमेरिकेतील मेन राज्यात एक प्रयोग झाला. कुत्र्याची पिल्ले मोठ्या कुंपणाआड, मानवी सहवासाविना वाढवली गेली. काहींना दुसऱ्या, काहींना तिसऱ्या, पाचव्या, सातव्या किंवा नवव्या आठवड्यात फक्त एक आठवडा माणसांत आणले आणि परत सोडले. काहींना चौदा आठवडे उलटेपर्यंत माणूस भेटलाच नाही. ही शेवटची पिल्ले पुढे प्रयत्न करूनही बुजरीच राहिली. एका आठवड्याचा सहवास योग्य वयात मिळालेल्यांना मात्र तो पुढे पुरला.

मांजरांबाबत हा प्रश्न १९८०च्या दशकात फिलाडेल्फियाच्या टेंपल विद्यापीठात आयलीन कार्श यांनी पद्धतशीरपणे तपासला. त्यांच्या प्रयोगातील पिल्लांचे तीन गट होते. पहिल्या गटाला तिसऱ्या आठवड्यापासून रोज हाताळले, दुसऱ्याला सातव्या आठवड्यापासून, तिसऱ्याला चौदा आठवडे होईपर्यंत मुळीच नाही. चाचण्या साध्या होत्या: पिल्लू मांडीवर घेतल्यावर किती वेळ थांबते, आणि ओळखीच्या माणसाकडे किती लवकर येते. तिसऱ्या आठवड्यापासून हाताळलेली पिल्ले मांडीवर सर्वाधिक वेळ थांबली. सातव्या आठवड्यापासून हाताळलेली पिल्ले अजिबात न हाताळलेल्यांहून फारशी वेगळी नव्हती. यातून मांजराचा माणसाळण्याचा संवेदनशील काळ साधारण दुसऱ्या ते सातव्या आठवड्याचा असतो, असा निष्कर्ष निघाला. रोज थोडा वेळ हाताळण्यापेक्षा अधिक वेळ हाताळल्यास जवळीक वाढते, हेही दिसले.

हा काळ कुठून येतो, याची कल्पना मज्जासंस्थेच्या एका समांतर शोधातून येते. डेव्हिड ह्युबेल आणि टॉर्स्टन वीझल यांनी १९६०च्या दशकात मांजराच्या पिल्लांचा एक डोळा काही काळ बंद ठेवून मेंदूतील दृष्टिकेंद्रावरचा परिणाम अभ्यासला. चौथ्या आठवड्याच्या सुमारास मेंदू या वंचनेला एकदम संवेदनक्षम होतो, सहाव्या ते आठव्या आठवड्यापर्यंत तसा राहतो आणि तिसऱ्या महिन्याअखेर ती संवेदनक्षमता संपते. प्रौढ मांजराचा डोळा तितकाच काळ बंद ठेवला तर असा परिणाम होत नाही. या दोघांना १९८१ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. दृष्टी आणि भीती यांची मेंदूतील यंत्रणा एकच नव्हे. पण वाढत्या मेंदूचे एकेक केंद्र ठराविक काळातच अनुभवाने घडते, हे तत्त्व त्यातून पक्के झाले.

*बापाची देणगी*

तरीही एकाच वेताची, सारख्याच वेळी हाताळलेली दोन पिल्ले वेगळी का वागतात? १९८६ मध्ये केंब्रिजशी संबंधित संशोधकांनी एक अनपेक्षित उत्तर दिले: पिल्लाची माणसाशी असलेली सलगी अंशतः त्याच्या बापावर अवलंबून असते. त्या पिल्लांचा आणि बोक्याचा कधी संबंधच आला नव्हता, म्हणजे त्याचे वागणे पाहून ती शिकली असण्याची शक्यता नव्हती. हा परिणाम आनुवंशिकच असणार.

१९९५ मध्ये सँड्रा मॅक्यून यांनी दोन्ही घटक एकत्र तपासले. सलगीच्या आणि बुजऱ्या बोक्यांची पिल्ले. त्यांतली काही लहानपणी हाताळलेली, काही न हाताळलेली. वर्षाच्या वयात चाचणी घेतली, तेव्हा दोन्ही गोष्टींचा परिणाम दिसला. सलगीच्या बोक्याची पिल्ले अनोळखी वस्तूकडेही धीटपणे जात होती. बापाकडून येतो तो नव्या गोष्टीला सामोरे जाण्याचा धीटपणा. माणसाविषयीचे प्रेम असे काही वेगळे त्यात नसते. हातांची सवय मात्र हातांनीच लागते.

म्हणून बुजऱ्या पिल्लाला 'हट्टी' किंवा 'कृतघ्न' म्हणण्यात अर्थ नाही. त्याचा बाप त्याने निवडलेला नसतो आणि पहिल्या सात आठवड्यांत आपल्याला कोण भेटावे हेही त्याच्या हाती नसते.

*हुकलेल्या वेळेनंतर*

मग दहा आठवड्यांच्या पिल्लाचे काय? त्याची मुदत तर टळलेली असते. याचे उत्तर वेगळ्या वाटेने, माणसाच्या भीतीच्या अभ्यासातून आले, आणि त्यासाठी पुन्हा १९२४ मध्ये जावे लागते.

त्या वर्षी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ मेरी कव्हर जोन्स यांनी पीटर नावाच्या, तीन वर्षांहून थोड्या लहान मुलाची हकीकत प्रसिद्ध केली. पीटर सशाला घाबरत असे. तो आवडीचे खाणे खात असताना पिंजऱ्यातील ससा खोलीत दूरवर आणला जाई. पुढच्या वेळी किंचित जवळ, मग आणखी जवळ. मध्येच पीटर आजारी पडला, त्यातच एका मोठ्या कुत्र्याने त्याला घाबरवले आणि त्याची भीती परत आली. काम जवळजवळ पहिल्यापासून सुरू करावे लागले. अखेर तो सशाला कुरवाळू लागला.

दुसऱ्या महायुद्धात दक्षिण आफ्रिकेच्या सैन्यात डॉक्टर असलेल्या जोसेफ वोल्पे यांनी युद्धाने खचलेले सैनिक पाहिले होते. युद्धानंतर जोहान्सबर्गच्या विटवॉटर्सरँड विद्यापीठात त्यांनी मांजरांवर प्रयोग केले. विजेचे झटके बसल्यावर मांजरे त्या पिंजऱ्यातच काय, त्या खोलीतही खाईनाशी झाली. तेव्हा वोल्पे यांनी त्यांना प्रथम त्या खोलीशी कमीत कमी साम्य असलेल्या खोलीत खाऊ घातले, मग अधिक साम्य असलेल्या खोलीत, मग मूळ खोलीत, शेवटी पिंजऱ्यात. प्रत्येक पायरीवर खाण्याची इच्छा भीतीपेक्षा थोडी वरचढ राहील, इतकेच अंतर ठेवले जाई. १९५८च्या त्यांच्या ग्रंथातून हीच पद्धत माणसांच्या भयगंडावरील उपचार म्हणून जगभर पोहोचली. आज लिफ्टची किंवा विमानाची भीती घालवण्यासाठी मानसोपचारतज्ज्ञ जी पायरीपायरीची पद्धत वापरतात, तिच्या मुळाशी ही घाबरलेली मांजरे आहेत.

या वाटेचा एक मूलभूत धडा इव्हान पाव्हलॉव्ह यांच्या कामातून आधीच मिळाला होता. विझलेली प्रतिक्रिया काही विश्रांतीनंतर आपोआप परत येते. म्हणजे जुने शिकलेले पुसले जात नाही. त्यावर नवे शिकणे चढते. भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्याला इथे लोखंडाच्या चुंबकनाची आठवण यावी. बाहेरचे चुंबकीय क्षेत्र काढून घेतले तरी लोखंड मूळ स्थितीला जात नाही. परतीची वाट वेगळी असते आणि तिला वेगळे बळ लागते. तिसऱ्या आठवड्यात जे काम रोजच्या सहज सहवासाने होते, त्यासाठी तिसऱ्या महिन्यात कित्येक आठवडे किंवा महिने लागू शकतात. खोली बदलली, पाहुणा आला, फटाका वाजला की भीती परत येते. त्यात अपयश असे काही नसते. भीतीच्या विझण्याचा तो गुणधर्मच आहे.

*ऋणाचा हिशेब*

या ज्ञानाची किंमत कोणी दिली, हे सांगितल्याशिवाय इतिहास पूर्ण होत नाही. माणसाविना वाढवलेली कुत्र्याची पिल्ले आयुष्यभर बुजरी राहिली. पिल्लांचे डोळे शिवले गेले. मांजरांना विजेचे झटके दिले गेले. भीती घालवण्याचे शास्त्र बऱ्याच अंशी मुद्दाम घाबरवलेल्या प्राण्यांकडून शिकले गेले.

हॉल्डेन यांचा अहिंसक अभ्यासाचा आग्रह इथे आठवतो, कारण अलीकडचे काम त्या दिशेने सरकलेले दिसते. २००८ मध्ये ब्रिटनमधील रेचल केसी आणि जॉन ब्रॅडशॉ यांनी सुटका केलेल्या पिल्लांच्या केंद्रातच अभ्यास केला. काही पिल्लांना दुसऱ्या ते नवव्या आठवड्यात नेहमीपेक्षा थोडा अधिक मानवी सहवास दिला. वर्षभरानंतर त्यांना सांभाळणाऱ्या कुटुंबांनी ती पिल्ले कमी भित्री आणि अधिक सोबत देणारी असल्याचे सांगितले. ज्ञान वाढले आणि पिल्लांचे हितही झाले.

भारतातही असे काम होत आहे. आयसर कोलकात्यातील अनिंदिता भद्रा यांचा गट भटक्या कुत्र्यांचा अभ्यास रस्त्यावरच, पिंजऱ्याविना करतो. २०१६ मध्ये त्यांनी ३६४ पिल्लांची नोंद प्रसिद्ध केली. त्यांतली केवळ १९ टक्के प्रजननक्षम वयापर्यंत जगली, आणि ६३ टक्के मृत्यूंना माणूस या ना त्या प्रकारे कारणीभूत होता. २०१७ मध्ये याच गटाने दाखवले की अनोळखी माणसाशी वारंवार भेट होते तेव्हा भटकी कुत्री खाण्यापेक्षा कुरवाळण्याने अधिक विश्वास टाकू लागतात. कुत्रा आणि मांजर यांत अंतर आहे, त्यामुळे हा निष्कर्ष जसाच्या तसा मांजरावर लादता येत नाही. पण दोन्ही अभ्यास शेजारी ठेवले तर एक गोष्ट समजते. भारतीय रस्त्यावर जन्मलेल्या जिवाला माणसाची वाटणारी भीती अवाजवी नाही, आणि तरीही ती कायमची नसते.

*खोक्यातल्या पिल्लापाशी*

कपाटामागे दडलेल्या त्या पिल्लासाठी या इतिहासातून काही ठोस गोष्टी निघतात.

पहिली गोष्ट वयाची. पिल्लू एकटे दिसले म्हणजे सोडून दिलेले असतेच असे नाही. आई भक्ष्य शोधायला गेलेली असू शकते. दुरून काही तास पाहावे. पिल्लू खरोखर पोरके असेल तर पशुवैद्याकडून वय ठरवून घ्यावे. आठ आठवड्यांच्या आतले असेल तर प्रत्येक दिवस मोलाचा आहे: रोज, थोडा-थोडा वेळ, शक्यतो एकापेक्षा अधिक माणसांनी हाताळावे. १९६७ मधील रोबर्टा कोलार्ड यांच्या अभ्यासात पाच जणांनी हाताळलेली पिल्ले अनोळखी माणसाला सर्वांत कमी घाबरत होती.

दुसरी गोष्ट अंतराची. मोठ्या पिल्लाला लहान खोली, दडायला खोके आणि ठराविक वेळी खाणे द्यावे. माणसाने प्रथम केवळ दूर, जमिनीवर बसून राहावे. मग ताटली रोज थोडी जवळ यावी, मग चमच्याने भरवावे, मग खाताना एक बोट गालाला लागावे. पिल्लाने खाणे थांबवले तर पायरी मोठी झाली असे समजून एक पाऊल मागे यावे. टक लावून पाहू नये; २०२० मधील एका ब्रिटिश अभ्यासात माणसाने डोळे सावकाश मिटल्यावर मांजरे त्याच्याकडे अधिक सहजपणे आली. मानगूट धरून बळजबरीने कुरवाळणे टाळावे. त्या वेळी गप्प बसलेले पिल्लू माणसाळलेले नसते, ते भीतीने थिजलेले असते.

तिसरी गोष्ट सावधगिरीची. भारतात रेबीज आजही माणसे मारतो. पिल्लू चावले किंवा त्याने ओरखडले तर जखम लगेच साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. पिल्लाच्या लसीकरणाचे वेळापत्रक पशुवैद्याकडून घ्यावे.

चौथी गोष्ट मर्यादेची. रस्त्यावरच वाढलेले प्रौढ, पूर्ण बुजरे मांजर घरात कोंडून माणसाळवण्याचा हट्ट त्याच्यावर अन्याय ठरू शकतो. त्याची नसबंदी आणि लसीकरण करून त्याला त्याच्या ओळखीच्या जागी सोडणे अनेकदा अधिक दयाळूपणाचे असते.

स्पॉल्डिंगच्या कोंबडीच्या पिल्लांना एका दिवसाचा उशीर महागात पडला. मांजराच्या पिल्लाला निसर्गाने त्या मानाने बरीच सवलत दिली आहे: सुमारे पाच आठवड्यांची सोपी मुदत, आणि ती टळल्यावर एक लांब, चढणीची पण मोकळी वाट. चौथ्या दिवशी 'हे जंगलीच आहे' असे म्हणणाऱ्याने ती वाट पाहिलेलीच नसते. फिस्कारणाऱ्या पिल्लाला परत रस्त्यावर ठेवण्याआधी त्याचे वय विचारावे, आणि त्या वयाला जितका वेळ लागतो तितका द्यावा.

#विज्ञानाचा_इतिहास #प्राणिवर्तन #भारतीय_विज्ञान